रोमचा नळ आणि मुरुमची रांग

रोम पाहायचं माझ्या वाट्याला आलं ते दूध संघाच्या अध्यक्षांच्या मोतीबिंदूमुळे.

माझा नवरा तालुक्याच्या सहकारी दूध संघात इंजिनीयर. संघाने पिशवीत दूध भरायचं यंत्र इटलीहून मागवलं होतं. मागवलं तेव्हा दूध होतं. यंत्र तयार झाल्याचं पत्र आलं तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं आणि गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत होती. पण करार झालेला होता. यंत्र शिकून घ्यायला दोन माणसं पाठवा, त्यांच्या प्रवासाचं आम्ही बघतो, असं कंपनीने कळवलं. एक माझा नवरा, दुसरे अध्यक्ष. अध्यक्षांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ते स्वतःच आमच्या ओसरीवर येऊन सासऱ्यांना म्हणाले, "माझ्या जागी सूनबाईला धाडा. तिला इंग्रजी येतंय. ह्यो यंत्राशी बोलंल, ती माणसाशी बोलंल."

मी आत भाकरी थापत होते. माणसांशी बोलायचं म्हटल्यावर हात थांबला.

लग्न होऊन मुरुमला येऊन वर्ष झालं होतं आणि घराबाहेर मी जवळजवळ काही बोलले नव्हते. माझं शिक्षण सोलापूरला, इंग्रजी शाळेत. घरात मराठीच होती, पण वडिलांच्या बदल्यांबरोबर फिरून ती पुस्तकासारखी झालेली. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात टँकरच्या रांगेत गेले. वाटेत दोघीजणी घागरी आडव्या टाकून बोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "कृपया जरा सरकता का?" दोघींनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि मग अख्खी रांग हसली. त्या दिवसापासून मी कृपयाबाई. मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

त्या रांगेचा एक रिवाज होता. टँकर यायच्या बराच आधी घागरी ओळीने लावायच्या आणि बायांनी शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसायचं. टँकर आला, ओळ पुढे जाऊ लागली की ज्या दोघीतिघी ओळीजवळ असतील त्या इतरांच्या घागरी पायाने पुढे सरकवत राहायच्या. आपापल्या माणसांच्या, अर्थात. माझी घागर कुणी सरकवायचं नाही. त्यात वैर नव्हतं. मी कुणाची नव्हते, एवढंच. म्हणून मी सावलीत न बसता घागरीशेजारी उन्हात उभी राहायचे.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई गुडघे दाबत रांगेपर्यंत आल्या. एरवी त्या येत नसत.

"उद्या आमची सून इमानात बसून चालली," त्यांनी भिंतीपाशी बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "आली की हितंच बसून समदं सांगंल तुमाला."

"कोण, ही?" एकीने विचारलं. "आमाला वाटलं मुकी हाय."

"कृपया सांगंल गं!" दुसरी म्हणाली.

परतताना सासूबाई गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. "म्या बोलून बसले बाई. माझं नाक कापू नको. चार गोष्टी नीट सांगितल्यास तरी बास."

"हो, आत्याबाई," मी म्हटलं.

तेव्हा बॅगेत साड्या, दोन स्वेटर, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि हे एक काम घेऊन मी इटलीला गेले.

दहा दिवस कारखान्यात गेले. आम्हाला शिकवणाऱ्या इटालियन माणसाचं इंग्रजी असं होतं की माझ्या शाळेत त्याला बाकावर उभं केलं असतं. तो क्रियापदं गाळायचा, हातांनी हवेत यंत्र काढायचा, शब्द अडला की तोंडाने यंत्राचा आवाज करायचा आणि पुढे जायचा. माझा नवरा तसल्याच इंग्रजीत त्याला उत्तर द्यायचा. दोघांचं व्यवस्थित जमलं. त्या दालनात शुद्ध बोलणारी एकटी मी होते, आणि सगळ्यांत कमी बोलणारीही मीच. हे माझ्या लक्षात आलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

(लिहिताना मी नवऱ्याला 'तो' म्हणते आहे. समोर अजून 'अहो'च आहे.)

परतीचं विमान रोमहून होतं आणि मध्ये दोन दिवस मोकळे होते. आमची ही पहिलीच सहल. लग्नानंतर आम्ही तुळजापूरला गेलो होतो ते घरातल्या नऊ माणसांबरोबर. नवऱ्याने कंपनीच्या कागदावर यादी केली होती: कोलोझियम, पोपचं चर्च, घुमटाला वर भोक असलेलं देऊळ, नाणी टाकायचं कारंजं. सकाळी आम्ही हॉटेलातून निघालो. मी साडीवर स्वेटर आणि पायांत मोजे घातले होते. त्याने कंपनीने भेट दिलेला टाय बांधला होता.

पहिल्याच वळणावर आम्ही थांबलो.

पदपथाच्या कडेला कमरेएवढा लोखंडी खांब होता. त्याला खाली वाकलेली नळी, आणि नळीतून अंगठ्याएवढी जाड धार सरळ खालच्या जाळीत पडत होती. शेजारी कुणी नव्हतं. बादली नाही, भांडं नाही, वाट बघणारं माणूस नाही.

"कुणीतरी उघडाच टाकून गेलंय," नवरा म्हणाला. त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि नळ बंद करायची चावी शोधायला लागला. खांबाच्या मागे पाहिलं, वर चाचपलं, मग गुडघ्यांवर बसून खालून हात फिरवला. "चावीच न्हाय. चोरली असंल."

हे आम्हा दोघांनाही पटलं. आमच्याकडे नळाला पाणी नसलं तरी चावी चोरीला जाते.

मी बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं आणि ती भरून घेतली. भरायला काही वेळच लागला नाही. मग ते पाणी आम्ही दोघं मिळून प्यायलो आणि बाटली पुन्हा भरली. याहून जास्त आम्हाला काही करता येत नव्हतं, आणि पाय तर तिथून निघत नव्हते. वाहता नळ तसाच सोडून पुढे गेलेलं माणूस मुरुममध्ये मी पाहिलेलं नाही. मी दोन्ही बाजूंना पाहिलं. लोक शेजारून जात होते. एकानेही वळून पाहिलं नाही.

"थांब," नवरा म्हणाला, आणि त्याने नळीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला.

नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक होतं. ते आम्ही पाहिलं नव्हतं. त्यातून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट त्याच्या तोंडावर. चष्मा, टाय, शर्ट, सगळं भिजलं.

मी हसले. तोंडावर हात न धरता, मोठ्याने.

त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तू अशी हसतीस व्हय?" तो म्हणाला. "वर्षात पयल्यांदा ऐकलं."

भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी थांबून आमची मजा बघत होती. ती काहीतरी बोलत पुढे आली, तिने नवऱ्याला कोपराने बाजूला सारलं, नळीच्या तोंडाशी बोट लावलं आणि वरच्या भोकातून उडालेली धार वाकून प्यायली. एक थेंब अंगावर न घेता. मग मला खूण केली: आता तू. मी बोट लावलं आणि प्यायले. पाणी बर्फासारखं गार होतं.

मी तिला इंग्रजीत विचारलं की हा बंद कसा करायचा. तिला कळलं नाही. तेव्हा मी कारखान्यातल्या त्या माणसासारखं केलं. हवेत नळ काढला आणि हाताने चावी फिरवून दाखवली. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं आणि बोट हलवून नाही म्हटलं. एकच शब्द दोनदा म्हणाली. संध्याकाळी मी तो हॉटेलातल्या माणसाला विचारला. त्याचा अर्थ होता 'नेहमी'.

पुढच्या चौकात तसाच नळ होता. त्याच्या पुढच्या रस्त्याला तिसरा. चौथ्या नळाशी आम्ही चावी शोधायचं सोडलं.

यादीतलं सगळं पाहिलं आम्ही. कोलोझियमच्या पायऱ्यांवर बसून पावाला चटणी लावून खाल्ली. मोठं होतं, पडकं होतं. रांगेत हे सांगितलं तर "आपल्या नळदुर्गाच्या किल्ल्यावानी का?" असं विचारतील, हे मला तिथेच ऐकू आलं. घुमटाच्या भोकातून उन्हाचा गोल फरशीवर पडला होता. तो मला फार आवडला, पण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. सगळं बघताना हेच चाललं होतं माझं: हे रांगेत चालेल का? कारंज्यापाशी माणसं पाठ करून खांद्यावरून नाणी टाकत होती. नवरा बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला. "नळदुर्गाचे नर-मादी दोन सालं कोरडे हायेत," तो म्हणाला. किल्ल्यातल्या धबधब्यांचं हे नाव ऐकून मला एकदम घर आठवलं. आम्ही नाणं टाकलं नाही.

संध्याकाळी एका बाकावर त्याने विचारलं, "काय सांगणार मग रांगेत?"

"नळाचं."

"येडी का काय!" तो एकदम सरळ बसला. "बायका दोन-दोन तास बसत्यात घागरीसाठी, आन तू रिकाम्या रस्त्यावर वाहणारं पाणी सांगणार? त्यांना काय वाटंल? चर्च सांग. कारंजंपण नको, चर्च सांग."

त्याचं खरं होतं. मी रात्री आणि मग विमानात चर्च तयार केलं. किती उंच, किती खांब, पोप कुठल्या खिडकीत येतो.

घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी घागर ओळीत लावली. सासूबाई भिंतीपाशी आधीच येऊन बसल्या होत्या, इस्त्रीचं लुगडं नेसून. मी नेहमीसारखी घागरीजवळ उभी राहिले.

"ये की सावलीला," एक बाई म्हणाली. "तिथनं वरडून सांगणार का?"

माझ्या घागरीपुढे पंचवीसतीस घागरी असतील. ती तिथे सोडणं म्हणजे ती मागे पडणार, आणि टँकरचं पाणी काही शेवटपर्यंत पुरत नसे. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी घागर सोडली आणि सावलीत जाऊन बसले.

"तिथे एक खूप मोठं चर्च आहे," मी सुरुवात केली. "त्याचे खांब इतके जाड आहेत की चार माणसांच्या कवेत मावणार नाहीत. वर घुमट आहे. पोप एका खिडकीत येतो." माझा आवाज मला शाळेतल्यासारखा वाटला. एकीने जांभई दिली. सासूबाई लुगड्याची घडी नीट करू लागल्या.

कोपऱ्यात एक आज्जी तंबाखू मळत होत्या. त्यांचं घर आमच्या मागच्या गल्लीत, पण आमचं कधी बोलणं नव्हतं. त्या म्हणाल्या, "त्ये देऊळ ऱ्हाऊ दे पोरी. पाणी कवा येतं तिथं?"

मला नवऱ्याचं बोलणं आठवलं. पण त्यांनी विचारलं होतं, आणि खोटं मला सुचलं नाही.

"कधी येतं असं नाही, आज्जी. ते जातच नाही. रस्त्यावर नळ आहेत आणि दिवसरात्र वाहतात. खाली भांडं नसतं."

मला वाटलं, संपलं.

"आन तू बघत हुबी ऱ्हायलीस?" आज्जी रागावल्या. "बंद करायचं की!"

"बंद करायला चावीच नाही त्याला."

"चोरली असंल," दोघी एकदम म्हणाल्या.

"हेही तेच म्हणाले."

कुणीतरी खुदकन हसलं. "मग इंजिनेरसायबांनी काय केलं?"

मी उठून दाखवलं. गुडघ्यांवर बसून चावी शोधली, तळहात दाबला, तोंडावर चिळकांडी घेतली, चष्मा काढला. मधे शब्द सापडेना तिथे हात चालवले. मग ती म्हातारी झाले आणि नवऱ्याला कोपराने ढकललं. बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या लेकराला पार भिजवलं की गं त्यांनी!"

हसणं ओसरलं तेव्हा एक बाई हळूच म्हणाली, "आन आपून हितं..." तिने ओळीतल्या रिकाम्या घागरींकडे पाहिलं. आणि तीच म्हणाली, "मग? पुढं?"

टँकर आला. आज्जी आणि आणखी दोघी उठून ओळीकडे गेल्या. मीही उठले, तर शेजारणीने माझा पदर धरला. "बस गं. त्यो पोप खिडकीत येतो म्हणालीस, त्ये सांग." मी बसले. पोप सांगितला, पायांतले मोजे सांगितले, कोलोझियममधली चटणी सांगितली. सांगताना मन सगळं घागरीत होतं.

पाळी येईल तशी एकेकजण उठत गेली आणि अखेर मी धावले. जिथे घागर ठेवली होती तिथे काही नव्हतं. मागे पाहिलं, शेवटपर्यंत पाहिलं. नव्हती.

"हिकडं बघ की!"

आवाज टँकरच्या बाजूने आला. पाइपाच्या तोंडाशी आज्जींची घागर भरत होती आणि तिच्या मागे माझी होती. आज्जींची भेगाळलेली टाच माझ्या घागरीला टेकलेली होती.

"तू सांगत व्हतीस न्हवं? मग घागर काय आपली आपण चालत येणार व्हती?" त्यांनी आपली घागर उचलली आणि माझी पायाने पुढे सारली. "पाइप धर, कृपयाबाई. आन आधी येवढं सांग, त्ये पाणी गोडं व्हतं का मचूळ?"

"गोडं," मी म्हटलं, आणि पाइप धरला. "लई गोडं."