बर्फाच्या पेटीतली आई

आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि मसुऱ्यातल्या आमच्या जांभ्या चिऱ्याच्या घराच्या पायऱ्या तिला कायमच्या बंद झाल्या. म्हणून मी तिच्यासाठी अंगणात, जमिनीलगत, वेगळी खोली बांधली. बांधली कसली, जोडली! कुडाळहून टेम्पोतून पॅनेल आले, दोन्हीकडे पांढरा पत्रा आणि मधे फोम. आठ दिवसांत खोली उभी, आतच संडास-बाथरूम. मी शाळेत विज्ञानाचा मास्तर होतो, म्हणून आल्यागेल्याला भिंतीवर टकटक करून ऐकवायचो, "ही भिंत उष्णता आत येऊच देत नाही." लोक माना डोलवायचे. मास्तराशी कोण वाद घालणार?

पाऊस सरला की आमच्याकडे अंगणात माटव घालतात, वर नारळाच्या चुडतांचं, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचं, छप्पर. त्या वर्षी मी तो घालू दिला नाही. नव्या खोलीची शोभा जाईल ना! वर आणखी एक शहाणपणा केला. चिऱ्याच्या घरात उन्हाळ्यात आम्ही जे करत आलो तेच तिथे केलं. सकाळी दहाला खिडक्या गच्च बंद, म्हणजे गारवा आत कोंडून राहतो. आईला विचारलं की ती म्हणायची, "बरा आसा." माझं समाधान व्हायचं आणि मी जेवून जुन्या घरात आडवा व्हायचो.

मे महिन्यातल्या एका दुपारी अंगणातून आरोळी आली, "गुरुजी! ओ गुरुजी, धावा!" आमच्याकडे वर्षानुवर्षं मासे घेऊन येणारी बाई होती ती. आईला मासा दाखवल्याशिवाय ती पुढे जात नसे. आई गलफडं उघडून बघायची, नाक मुरडायची, मगच घ्यायची. त्या दिवशी विक्री आटोपून, माशांची थर्माकोलची बर्फाची पेटी घेऊन परतताना पाणी प्यायला म्हणून ती खोलीत डोकावली होती. मी पोचलो तेव्हा तिनं आईला उचलून बाहेर माडाच्या सावलीत आणलं होतं. आईचं तोंड लालबुंद, जीभ कोरडी, हाक मारली तर डोळे उघडत नव्हती.  ती बाई पदर भिजवून आईची मान, काखा पुसत होती आणि मला शिव्या घालत होती.

"शिरा पडो तुमच्या त्या खोलयेर! आवशीक बर्फाच्या पेटीत घातल्यात काय ओ? पेटी थंड करणा नाय, गुरुजी. आत असात ता सांभाळता. बर्फ घातलो तर बर्फ, गरम घातला तर गरम!"

खरंच होतं तिचं. चिऱ्याची जाड भिंत दुपारचं ऊन पोटात ठेवते आणि घरात सोडते ती थेट रात्री, खिडक्या उघड्या असताना. या हलक्या भिंतीला ऊन साठवायला पोटच नाही. बाहेरचा पत्रा तापला की फोममधून थोडी का होईना उष्णता थोड्याच वेळात आत झिरपते. आणि पश्चिमेच्या काचेतून आत शिरलेलं ऊन, बंद खिडक्या, मधला फोम... ते बाहेर जाणार कुठून? हे सगळं मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं हो!

डॉक्टर आले, सलाईन लागलं. संध्याकाळी आईनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय विचारलं असेल? "तू जेवलंस मरे?" मी तिच्यासमोर ढसाढसा रडलो.

दुसऱ्याच दिवशी ती मासेवाली आणि तिचा नवरा चुडतां घेऊन आले. खोलीवर आणि पश्चिमेच्या खिडकीपुढे त्यांनी माटव घातला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून त्यांचं जुनं जाळं आवळून बांधलं. खोलीची शोभा पार गेली. समोरासमोरच्या खिडक्या आता उघड्या असतात. आत, पलंगाशेजारी, मी चिऱ्याची कमरेएवढी भिंत घालून घेतली. रात्रीच्या वाऱ्यानं ती निवते आणि दुपारी आई तिला तळवे टेकून पडते. मजुरी विचारली तर मासेवाली म्हणाली, "गुरुजी, आधी तुमी शाळा शिका." तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, आणि ते फिटावेत असं मला वाटतही नाही.

एक गोष्ट मात्र छळत होती. शेवटी आईला विचारलंच, "इतकं उकडत होतं तर हाक का नाही मारलीस गो?"

ती चिऱ्याच्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "तू इतक्या हौसेन बांधलंस. सगळ्यांका दाखवत होतस. तुका वायट वाटला असता."

यंदा मेमध्ये, भर दुपारी माझा डोळा लागला होता आणि आईची खणखणीत हाक आली. "रे मेल्या! माका उकाडता! पंखो वाढव!" मी अनवाणीच पळत सुटलो. अंगण तापलं होतं, पाय भाजत होते, आणि मी देवाचे आभार मानत होतो.