टर्कीने पास केलेला सूर

वाहाकाच्या डोंगरातल्या आमच्या गावात पोरं अक्षरांआधी स्वरलिपी वाचायला शिकतात. त्यामुळे इथे बेसूर वाजवून कुणी गुपचूप सुटत नाही. गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या फिलोगोनियो न्हाव्याला तर शेजारही वाईट मिळाला होता: कास्तुलाबाईंचे सात टर्की कोंबडे. अंगणात सराव करताना त्याचा वरचा सूर फाटला रे फाटला, की कुंपणापलीकडे सातही माना वर. गुळगुळगुळगुळ! सूर नीट लागला तर मात्र दाणे टिपण्यात दंग. तोंडाला साबण फासून बसलेली गिऱ्हाइकं चुका मोजत बसायची.

बँडमास्तर ओदिलोन यांनी बजावलं होतं, "जत्रेची मिरवणूक तुझ्या त्या सुराने निघते. यंदा फाटला तर ट्रम्पेट माझ्या भाच्याला आणि तुझ्या हातात झांजा."

तीस वर्षं पहिल्या रांगेत चाललेल्या माणसाला झांजा! त्यापेक्षा त्याने मिशा उतरवल्या असत्या. म्हणून तो आणखी जोर लावी. गाल फुगत, मान लाल होई, कोंबडे खूश होत.

एकदा कास्तुलाबाई कुंपणावर रेलून म्हणाल्या, "अहो, घर ठाऊक नाही आणि दारं कसली ठोठावताय? आधी तो सूर गाऊन दाखवा."

"मी गाऊ? माझं गाणं ऐकून बायकोने दोन वर्षं लग्नाला नकार दिला होता."

"शहाणी होती. गा!"

गायला, तर सूर चांगलाच खाली. मग रोज तेच: आधी गुणगुणायचं, मग नुसत्या ओठांनी भुर्र भुर्र, आणि मग हलकेच फुंकायचं. दाढी करतानाही तो गुणगुणे. सरपंचांचा एक कल्ला त्या नादात गेला, पण कोंबडे हळूहळू गप्प होत गेले.

जत्रेच्या आदल्या दिवशी गावजेवणासाठी सहा कोंबडे मोलेच्या, म्हणजे मिरच्या वाटून केलेल्या दाट रश्शात गेले. सातवा, सगळ्यांत तिखट कानाचा, बाईंनी शालीखाली दडवून थेट मिरवणुकीत आणला.

देवळासमोर सगळे चिडीचूप. फिलोगोनियोने सूर मनात गुणगुणला आणि ट्रम्पेट उचललं. लागला! स्वच्छ, लांबलचक. शालीतून हूं की चूं नाही. त्याचे डोळे भरले. तो म्हणतो, घाम होता.

पुढची ओळ मास्तरांच्या क्लॅरिनेटची. त्यांनी ऐटीत फुंकर घातली आणि क्लॅरिनेट किंचाळलं.

"गुळगुळगुळगुळ!"

"मास्तर," फिलोगोनियोने अगदी नम्रपणे विचारलं, "त्या झांजा कुठे ठेवल्यात?"