एकावर एक दोन पॅलेट

“आपके आदमी ने सर्विसिंग की और गाड़ी मर गई!” दुबेजी गोदामाच्या दारातच माझ्यावर ओरडले. मी अजून हेल्मेटही काढलं नव्हतं.

सिहोरा रोडवरचं टाइल्सचं गोदाम. दुबेजी तिथले मॅनेजर. मी फोर्कलिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीची सर्व्हिस इंजिनिअर. बाहेर भरायला आलेल्या ट्रेलरचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट गोदामाच्या मधोमध उभी आणि तिचा ऑपरेटर मेश्राम शेजारी मान खाली घालून.

“इसी ने तोड़ी है,” दुबेजी म्हणाले. “कल से घर बैठेगा.”

दोन वाक्यांत दोन गुन्हेगार. मी मेश्रामकडे वळले. “दादा, नक्की काय होऊन राहिलं?”

“ताई, चालते बरोबर. लोड घेतला का उठतच नाही. अन् मी काहून तोडीन? पोट आहे माझं हिच्यावर.”

आधी बॅटरी पाहिली. इलेक्ट्रिक मशीनची बॅटरी फार उतरली की लिफ्टिंग आपोआप बंद होतं. चाकं मात्र चालतात, म्हणजे मशीन निदान चार्जरपर्यंत पोचते. बॅटरी भरलेली होती. मग सीट स्विच. सीटवर कोणी नसताना माल उचलणारे फोर्क हलू नयेत म्हणून तो असतो. तोही ठीक. लिव्हर ओढला, तर पंपाची मोटर सुरू झाली आणि पुढचे दोन लोखंडी फोर्क रिकामे सरळ वर गेले.

“लोड घेऊन दाखवा,” मी म्हणाले.

मेश्रामने फोर्क टाइल्सखाली घातले. एकावर एक दोन भरलेली पॅलेट, म्हणजे टाइल्स रचलेले लाकडी पाट. तेवढ्यात दुबेजींनी हाक दिली, “चलो, पीछे चढ़ो!” दोन हमाल मशीनच्या मागच्या लोखंडी ठोकळ्यावर चढून उभे राहिले. बसच्या पायरीवर चढावं तितक्या सहज.

माझं डोकंच फिरलं.

फोर्कलिफ्ट सी-सॉसारखी असते. पुढे माल, मागे तो ठोकळा. माल जास्त झाला की मागची चाकं जमीन सोडतात. इथे ठोकळा कमी पडत होता, म्हणून वर माणसं ठेवली होती.

“उतरो नीचे! अभी!” मी ओरडले. दोघं उतरले. त्यातला एक कुंडम गावचा सुखलाल.

“गिरते नहीं कभी?” मी त्याला विचारलं.

तो हसला. “पकड़ के खड़े रहते हैं, मैडम. आदत है.”

मी हायड्रॉलिक लाइनला, म्हणजे फोर्क उचलणाऱ्या तेलाच्या नळीला, दाब मोजायचा गेज लावला. प्रेशर हवं तेवढंच होतं. या लाइनमध्ये रिलीफ व्हॉल्व्ह असतो, कुकरच्या शिट्टीसारखा. वजन जास्त झालं की तो उघडतो, तेल टाकीत परत जातं आणि फोर्क जागचे हलत नाहीत. आमच्या फिटरला फोन केला. तो म्हणाला, व्हॉल्व्हचा स्क्रू कोणीतरी भलताच कसून ठेवला होता, सर्व्हिसिंगमध्ये मी बरोबर सेट केला. स्क्रू जास्त कसला की व्हॉल्व्ह उघडत नाही आणि न पेलणारं वजनही उचललं जातं; म्हणजे मशीन बिघडलेली होती ती आधी. आता ती ठीक होती.

“तो फिर कस दो,” दुबेजी म्हणाले. “एक स्क्रू की ही तो बात है.”

“नहीं कसूँगी.”

“किसी सीनियर से बात कराइए.”

लावला फोन. आमचे ब्रँच मॅनेजर नागपूरला बसतात.

“अगं, दे ना थोडा कसून. मोठा क्लायंट आहे.”

“सर, मागे माणसं उभी करून राहिले हे लोक.”

“हे मी ऐकलं नाही. तुझं तू बघ.”

मला दुबेजींपेक्षा त्यांचा राग जास्त आला. दुबेजी निदान तोंडावर बोलत होते.

मी हमालांकडून वरचं पॅलेट रिकामं करून घेतलं. खालचं मेश्रामने अलगद उचललं, मागे कोणी नसताना. “इन्होंने कुछ नहीं तोड़ा,” मी सगळ्यांसमोर म्हणाले. “दो पैलेट उठाने हों तो बड़ी मशीन लीजिए.” दुबेजी पाय आपटत केबिनमध्ये गेले. ट्रेलर उशिरा भरला, पण भरला. मेश्रामची नोकरी राहिली. नेपियर टाउनला घरी पोचेपर्यंत मला वाटत होतं, आपण जिंकलो.

त्यांनी आमचं कॉन्ट्रॅक्ट तोडलं. काही आठवड्यांनी दुबेजींचाच फोन आला. “मैडम, मास्ट टेढ़ा हो गया है. जल्दी आइए.” मास्ट म्हणजे फोर्क वर नेणारा उभा सांगाडा. ते एवढंच बोलले.

बाकीचं गोदामात पोचल्यावर मेश्रामने सांगितलं. बाहेरच्या मिस्त्रीने स्क्रू पुन्हा कसला होता. दोन पॅलेट वर गेली, मागची चाकं उचलली गेली, मागचे दोघं फेकले गेले. मशीन दाणकन खाली आली ती सुखलालच्या पायावर.

“पंजा गेला त्याचा, ताई. मी नाही म्हटलं होतं. ते म्हणाले, मग घरी बस.”

मी केबिनमध्ये गेले. “सुखलाल किस अस्पताल में है?”

“पता नहीं. वो तो ठेकेदार का आदमी था,” दुबेजी म्हणाले. “मास्ट कब तक सीधा होगा?”

मी मास्टला हात लावला नाही. तिथून थेट पोलीस ठाण्यात गेले आणि जबाब दिला. दुसऱ्या दिवशी मेश्रामनेही दिला. नोकरी त्याची तेव्हा गेलीच. केस चालू आहे.

व्हॉल्व्ह बरोबर सेट करणं हे अर्धंच काम, एवढं मी शिकले. आता मी स्क्रूला सील लावते आणि निघताना ऑपरेटरला माझा नंबर देते. कोणी सील तोडायला सांगितलं तर कळवा, म्हणते.

फोन येतात. बरेच येतात.