भर उन्हातला फ्लॅश आणि आत्याची परात

भर दुपारी, डोक्यावर सूर्य तळपत असताना, माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारावा लागतो. हे शास्त्र आहे. मी काढलेलं नाही. जगभर फोटो काढणारी माणसं हेच करतात आणि त्यांना कुणी वेडं म्हणत नाही. मला मात्र आमच्या अख्ख्या भावकीनं वेडा ठरवलंय, आणि तेही भाऊबीजेच्या दिवशी, आत्याच्या अंगणात, मीच वाढलेल्या पुरणपोळ्या खाऊन! तेव्हा आज सगळं पहिल्यापासून सांगतो. न्याय तुम्हीच करा.

माझे वडील, म्हणजे दादा, आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे तात्या, यांचं बांधावरच्या एका बाभळीवरून बिनसलं. बाभळ कुणी तोडली हे कृपा करून विचारू नका. दोघांकडे दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही ऐकायला अख्खी दुपार लागते. तेव्हापासून हे दोघे एका पंगतीला बसत नाहीत. बसलेच तर एकमेकांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड! यात हाल झाले ते आत्याचे. ही दोघांची थोरली बहीण, पारगावाजवळ दिलेली. भाऊबीजेला एक भाऊ सकाळी यायचा, दुसरा संध्याकाळी, आणि ती बिचारी एकाच सणाला दोनदा ताट करायची.

आत्याला दोन्ही भावांबरोबर एक फोटो हवा होता. बाई दुसरं काही मागत नव्हती. मध्यंतरी तिनं एका स्टुडिओत जाऊन दोघांचे वेगवेगळे फोटो जोडून घेतले, मधे स्वतःचा. त्यात तात्यांचं डोकं दादांच्या दीडपट आलं! "मुद्दाम मोठं केलंय त्याचं!" म्हणून दादांनी तो फोटो भिंतीवर पालथा फिरवून ठेवला, आणि तात्यांना ते कळल्यावर बाभळीचं भांडण मागं पडून डोक्याचं सुरू झालं.

यंदा मात्र आत्यानं दोघांना सारखाच निरोप धाडला. "दोघं एका टायमाला आलात तर ओवाळीन. न्हाईतर चंद्राला ओवाळीन आन् गप बशीन."

ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. दोन धडधाकट भाऊ असताना आत्यानं चंद्राला ओवाळलं असतं तर पारगावापासून मंचरपर्यंत शोभा झाली असती. आले दोघेही मुकाट्यानं! दादा माझ्या गाडीतून, तात्या मोटारसायकलवरून. तात्यांनी आल्या आल्या मोटारसायकलचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलं.

"एक फोटू," तात्या म्हणाले. "एकच. मग मी निघालो."

"त्याला म्हणावं, मला बी लई हौस न्हाई," दादा तुळशीकडे बघून म्हणाले.

मी नुकताच चांगला कॅमेरा घेतला होता. वर बसवायचा वेगळा फ्लॅश, तीन पायांचा स्टँड, सगळं. पुण्याला जाऊन क्लासही केला होता. तिथल्या सरांनी "बाहेरचे ग्रुप फोटो" या विषयावर मला विशेष शाबासकी दिली होती (वर्गात दुसरं कुणी आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी). मी छाती पुढं काढून म्हणालो, "आत्या, फोटो माझ्याकडे लागला!"

आत्यानं माझ्या गालावरून हात फिरवला. "बाळ्या, चांगला काढ रं. परत काय ह्ये दोघं उभं राहायचं न्हाईत."

जेवणं झाली. ओवाळणं झालं. ऊन बरोबर माथ्यावर आलं. आत्या मधे उभी राहिली, उजवीकडे दादा, डावीकडे तात्या, आणि दोघेही बाहेरच्या बाजूला तोंड करून, जसे एकाच स्टँडवर वेगवेगळ्या एसटीची वाट बघतायत! कडेला आत्याचे यजमान, आमचे मामा. आणि मामांच्या हातात राजा.

राजा म्हणजे मामांचा एडका. मामांच्या घरी पूर्वी मेंढरांनी भरलेला मोठा वाडगा होता, आता चार मेंढरं आणि हा एडका एवढंच उरलंय. नुकताच पाडवा झालेला, त्यामुळे राजाची शिंगं गेरूनं रंगवलेली, शिंगाला गोंडा, आणि चेहऱ्यावर नवरदेवाची मिजास.

"मामा, एडका बाजूला बांधा," मी म्हणालो.

"का? त्यो घरचा न्हाई व्हय?"

बरं, असू दे. मी पहिला फोटो काढला आणि पाहिला तर काय! आत्याची साडी झकास, तुळस झकास, एडका तर फारच झकास. पण दादा आणि तात्या यांच्या टोप्यांखाली नुसता काळोख! उन्हाची सावली टोपीच्या काठावरून सरळ हनुवटीपर्यंत. आत्याच्या पदराखालीही तेच. फोटोत टोप्या आल्या होत्या, माणसं आलीच नव्हती.

मी सरळ, सभ्यपणानं म्हणालो, "दादा, तात्या, एक मिनिट टोप्या काढता का?"

काय सांगू तुम्हाला! बाभळ तुटल्यापासून प्रथमच दोघे भाऊ एका आवाजात बोलले.

"का? कुणाला पोचवायला चाललोय का आमी?"

"सणासुदीचं बोडक्यानं उभं राहायचं? बहिणीच्या दारात?"

"शिकलास ते ह्येच शिकलास व्हय रं?"

आता मला सांगा, मी काय धोतर सोडायला सांगितलं होतं? पण नाही! आमच्याकडे माणूस मयतीलाच टोपी काढतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं म्हणे. मी म्हणालो, बरं, मग सगळे त्या लिंबाच्या झाडाखाली चला, सावलीत सगळ्यांच्या तोंडावर सारखा उजेड येतो.

"झाडाचं नाव काढू नगंस!" तात्या कडाडले.

"झाडाचं त्यालाच लागणार," दादा तुळशीला म्हणाले.

तात्या मोटारसायकलकडे निघाले. आत्यानं धावत जाऊन त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. माझ्या बायकोनं, मंगलनं, मला बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, माझ्या फोनवर काढते ना पटकन. फोन आपोआप उजळवतो."

फोन! भिंतीवर कायमचा लावायचा फोटो, आणि फोनवर! मग मी क्लास कशाला केला? मी बॅगेतून फ्लॅश काढला.

इथून माझ्यावरच्या अन्यायाला खरी सुरुवात होते.

"ह्ये काय?" मामांनी विचारलं.

"फ्लॅश. टोपीखालची सावली भरून काढायला."

"आन् वर ह्यो येवढा सूर्य हाय त्यो?"

"तो वरून येतो मामा. आपल्याला उजेड समोरून पाहिजे."

"बॅटरी घिऊन सूर्य हुडकायला निघालंय पोरगं!" तात्या म्हणाले, आणि सगळं अंगण हसलं. दादाही हसले! सख्खा बाप! स्वतःच्या वैऱ्याच्या विनोदाला हसला, मुलाची बाजू घ्यायची सोडून!

मी दात-ओठ खात फ्लॅश मारला. तोंडं उजळली, पण दादांचे डोळे मिटलेले. दुसरा मारला, दादांचे डोळे मिटलेले. तिसऱ्याला मी "डोळे उघडे ठेवा" म्हणून ओरडलो, तेव्हा दादांनी डोळे इतके वटारले की आत्या दचकली, आणि ऐन क्षणी पुन्हा मिटले.

"त्यो मुद्दाम मिटतोय!" तात्या म्हणाले. "माझ्यासंगं फोटूच नको त्याला."

"माझ्या डोळ्यावर वीज पाडतंय ह्ये कार्टं, आन् मी मुद्दाम मिटतोय?"

"मग माझं कसं उघडं राहत्यात?"

"तुझं डोळं पहिल्यापासूनच लई उघडं. बांधावर तर जास्तच!"

झालं! बाभळ आली! आत्या दोघांच्या मधे उभी राहून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. "निदान आजच्या दिवस तरी गप ऱ्हावा रं," ती म्हणाली. मी घाईघाईनं पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. आणि तेवढ्यात फ्लॅशचे सेल संपले.

बॅगेत दुसरे सेल होते? होते की! ते आदल्या दिवशी कुणीतरी टीव्हीच्या रिमोटला घातले होते. (कुणी, ते मी सांगत नाही. घरी मला दोन वेळचं जेवायचं असतं.)

पण मी डगमगलो नाही. क्लासमधे सरांनी सांगितलं होतं, फ्लॅश नसेल तर काहीतरी चकचकीत घ्या आणि उन्हाचाच उजेड खालून तोंडावर फेका. मी स्वयंपाकघरात गेलो आणि आत्याची स्टीलची मोठी परात घेऊन आलो. नुकतीच घासलेली, आरशासारखी! कॅमेरा स्टँडवर बसवला, बटण मंगलच्या हवाली केलं. "मी सांगितलं की दाबायचं आणि सोडायचं नाही. धडाधड निघतील. त्यात दादांचे डोळे एकदा तरी उघडे सापडतील!" मग मी परात घेऊन सगळ्यांच्या समोर उकिडवा बसलो. मी फोटोत खाली दिसलो असतो, पण ते नंतर कापता येतं.

परात जरा तिरकी केली, आणि काय सांगू! टोप्यांखालचा काळोख पळाला! दादांच्या सुरकुत्या, तात्यांच्या मिशा, आत्याची नथ, सगळं सोन्यासारखं उजळलं.

"आरं डोळं गेलं की माझं!"

"भाजतंय का पोरगं आमाला?"

"हलू नका!" मी ओरडलो. "कुणीही हलू नका!"

आणि कुणी हललं नाही. फक्त राजा. राजा माझ्याकडे टक लावून बघत होता. नव्हे, परातीकडे. मग त्यानं मामांच्या हाताला हिसडा दिला आणि तो हळूहळू, पाऊल-पाऊल मागं सरकला. मला इतकं भरून आलं! अख्ख्या घरात माझं ऐकणारा कुणी निघाला तर हा एडका! फ्रेममधे नीट मावावं म्हणून आपणहून मागं सरकला!

"शाब्बास राजा," मी म्हणालो. "आणखी जरा मागं."

राजा आणखी जरा मागं सरकला.

"बाळ्या, ऊठ!" दादा ओरडले.

"आरं ऊठ मुडद्या, त्यो मागं चाललाय!" तात्या ओरडले.

"हलू नका म्हटलं ना! मंगल, दाब!"

एडका मागं सरकतो तो फोटोसाठी नव्हे, धडक द्यायला, हे आमच्या घराण्यात लहान पोरालाही कळतं म्हणे. मला कुणी सांगितलं होतं? माझ्यासारख्या जुन्नरच्या ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या माणसासमोर कोण मागं सरकतो? राजाला परातीत दुसरा एडका दिसला होता. तसाच गोंडा, तशीच गेरूची शिंगं, आणि वर त्याच्याकडेच रोखून बघणारा! घरात दुसरा राजा तो कसा खपवून घेणार?

ठण्ण!

मी परातीसकट उताणा. उठतो तोवर राजा पुन्हा मागं सरकायला लागलेला. या वेळी मला त्याचा अर्थ समजला. मी परात डोक्यावर घेतली आणि "मेलो! मेलो!" करत कॅमेऱ्याच्या दिशेनं सुटलो. पाठीमागं काय चाललंय ते मला दिसलं नाही. मंगलनं मात्र बटण सोडलं नाही. नवरा एडक्याच्या शिंगावर जायची वेळ आली तरी बटण दाबून उभी! (लग्नानंतर तिनं माझं शब्दशः ऐकल्याची ही एकच नोंद.)

पाठीमागं काय झालं ते मला नंतर फोटोतच कळलं. दादांनी राजाचं उजवं शिंग धरलं होतं आणि तात्यांनी डावं. लहानपणी दोघे मेंढरांमागं असायचे तेव्हा असाच एडका धरायचे म्हणे, एकानं या बाजूनं, दुसऱ्यानं त्या बाजूनं. ओढाओढीत दोघांच्या टोप्या केव्हाच उडालेल्या. पांढरी डोकी उघडी, माना वर, आणि मला पळताना बघून दोघे तोंड फाडून हसतायत. तात्यांचा मोकळा हात दादांच्या खांद्यावर आहे. मधे आत्या, पदर घसरलेला, तीही हसतेय आणि डोळे पुसतेय. दादांचे डोळे टक्क उघडे! आणि टोप्या नसल्यामुळे प्रत्येकाच्या तोंडावर स्वच्छ, लख्ख ऊन! मी पहिल्यापासून काय सांगत होतो?

त्या दिवशी तात्यांची मोटारसायकल सूर्य मावळला तरी अंगणातच होती. दोघे भाऊ ओट्यावर मांडीला मांडी लावून बसले आणि मी कसा पळालो याची नक्कल आळीपाळीनं करून दाखवत राहिले. बाभळीचं नावसुद्धा निघालं नाही. "सूर्य हुडकणारा" म्हणून माझं मात्र नाव पडलं ते पडलंच.

तो फोटो आत्यानं मोठा करून दारासमोरच्या भिंतीवर लावलाय. मी टोप्या काढा म्हणालो तेव्हा मला जोड्यानं मारायला उठलेले दोघे आता येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून स्वतःची बोडकी डोकी दाखवतात! मी आत्याला हात जोडून विनवलं की निदान खालचा भाग तरी कापून घे. कारण त्या सबंध फोटोत सगळ्यांचे चेहरे उजळलेत, एडक्याचासुद्धा. फक्त पुढं एक माणूस डोक्यावर परात घेऊन पळतोय, आणि परातीच्या सावलीत त्याचं तोंड काळंठिक्कर पडलंय.

"न्हाई कापायचा," आत्या म्हणाली. "त्याच्यामुळंच तर ह्यो फोटू झाला."

जरा बरं वाटलं मला. पण परवा तिच्याकडे गेलो तेव्हा ओट्यावर कुणी नवे पाहुणे बसले होते. त्यातल्या एकानं फोटोकडे बोट करून विचारलं, "ह्यो परात घिऊन पळतोय त्यो कोण वो? तोंड काय दिसंना त्याचं."

"त्यो व्हय?" आत्या चहा ओतता ओतता म्हणाली. "त्यो आमचा बाळ्या. फोटूत समद्यांच्या तोंडावर उजेड बरूबर पडतोय का, त्ये बघायचं काम त्याच्याकडं व्हतं."