केशवरावांनी निवडलेलं माप

केशवराव गेल्याची बातमी मला अमरावतीच्या कापूस बाजारात कळली. अकोल्याकडून आलेला एक ओळखीचा गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, "तुमचे जवाई गेले जी. तापानं गेले. मातीले मी होतो." मग बैलांपुढे कडबा टाकत, माझ्याकडे न पाहता, तो पुढे म्हणाला, "मानसं थोडीच होती."

केशवराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, यमुनेचे यजमान, आणि लग्नाच्या आधीपासूनचे माझे मित्र. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. या पुरवणीचे जे वाचक अकोल्याचे असतील, त्यांना ते एकाच गोष्टीसाठी आठवत असतील... ज्यानं आपल्या लहानपणच्या सोबत्याला काळ्या पाण्यावर धाडलं, तो माणूस. मला त्यांची वकिली करायची नाही. काय घडलं ते मी जवळून पाहिलं, तेवढं सांगतो.

केशवराव मूळचे बाळापूरचे, काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या घरातले. वडिलांनी त्यांना पुण्याला इंजिनेरीच्या वर्गात धाडलं. तिथून ते ओव्हरसियर होऊन परतले, पण बोली मात्र वऱ्हाडीच राहिली. पुण्यात ती ऐकून मुलं हसत, तर हे आणखी मोठ्यानं बोलत. 'अंदाजे' हा शब्द त्यांना खपत नसे. बाळापूर किती लांब, असं एखाद्या पाहुण्यानं विचारलं तर ते म्हणत, "कोनत्या वेशीपासून?" यमुना म्हणायची, यांच्याशी संसार म्हणजे रोज तराजूत बसणं आहे. हसत म्हणायची, तेव्हा.

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोल्यात गठाणी दाबायचा वाफेचा प्रेस उभा राहिला आणि त्याच्या यंत्रांवर केशवरावांची नेमणूक झाली. बाळापूरच्या रस्त्याला, अकोल्यापासून थोड्या अंतरावर तुळशीराम माळ्याचा मळा होता. तोही मूळचा बाळापूरचाच; दोघं लहानपणी तिथल्या एकाच विहिरीच्या धावेवर मोटेच्या बैलांमागे पळालेले. तुळशीरामची बहीण गिरजा नवरा वारल्यावर भावाकडेच राहिली होती. वांगी, मेथी, कांद्याची पात घेऊन ती रोज केशवरावांच्या दारावरून बाजारात जाई.

त्या हंगामात रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरून वाहत होता. वाट मिळेना की गाडीवान सरळ शेतात घुसत. एका परगावच्या दलालाच्या गाड्यांनी तुळशीरामचा वाफेच्या वाफे तुडवले. रस्त्यावर भांडण झालं, शंभर लोकांनी ऐकलं. पुढे थोड्याच दिवसांनी तो दलाल त्याच रस्त्यावर, मळ्यासमोर, आपल्या गाडीत मरून पडलेला सापडला. गोळी गाडीची फळी फोडून छातीत शिरली होती. त्या संध्याकाळी तुळशीरामनं बंदूक झाडली होती. तसं तो स्वतःच सांगत होता. मळ्यात डुकरं शिरली होती, मचाणावरून त्यांच्यावर झाडली. बंदूक आज्याच्या वेळची, तोड्याची, जळती वात लावून झाडायची. "तिची गोळी रस्त्यापावतर जात नाई," एवढंच तो परत परत म्हणे.

सारा खटला या एका वाक्यावर येऊन अडला. पोलिसांनी मचाणापासून रस्त्यापर्यंतच्या अंतरावर फळी ठेवून तीच बंदूक झाडून पाहिली. नळी इतकी झिजलेली की एकही गोळी फळीला लागेना. सरकारपक्ष म्हणाला, नेम लागत नाही म्हणजे गोळी पोचत नाही असं नव्हे. तेव्हा तुळशीरामचा वकील केशवरावांकडे आला. गोळी नळीतून किती वेगानं निघते हे मोजता आलं, तर रस्त्यावर पोचेपर्यंत तिच्यात किती जोर उरतो, हे पुस्तकातल्या कोष्टकांवरून काढता येणार होतं. केशवरावांनी लगेच हो म्हटलं. मित्राला सोडवायला निघालेल्या माणसाचा उत्साह होता तो. माप काहीही निघो, ते कोर्टापुढे सांगायचंच, या अटीवर न्यायाधीशांनी बंदूक दिली.

पण मोजायचं कशानं? विलायतेत तारा आणि विजेच्या जोरावर चालणारं यंत्र निघालं होतं. गोळी एक तार तोडते, मग दुसरी, आणि मधला वेळ यंत्र टिपून घेतं. केशवरावांनी मुंबईला विचारणा केली. यंत्र बोटीनं यायला महिने लागणार होते, आणि न्यायाधीश तितके थांबणार नव्हते. दुसरी रीत जुनी. जड लाकडी ओंडका झोपाळ्यासारखा टांगायचा, त्यात गोळी मारायची, धक्क्यानं तो किती वर जातो त्यावरून वेग काढायचा. ती केशवरावांनी निवडली. अकोल्यातल्या सुतारानं बाभळीचा ओंडका दिला, प्रेसच्या मागच्या आवारात तो साखळ्यांनी टांगला. मी त्या दिवसांत मुद्दाम अकोल्याला राहिलो. ओंडक्याची खूण वाचायचं काम माझ्याकडे होतं. कोर्टाचा शिपाई बंदुकीवर राखण म्हणून बसे. आकड्यांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

वेग कमी निघाला. इतका कमी की रस्त्यावर पोचेतोवर त्या गोळीनं फळी काय, धोतरही फाडलं नसतं. गिरजा आवाराच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. तिला मीच जाऊन सांगितलं. ती मटकन खाली बसली आणि पदरानं तोंड झाकून रडली.

आणि मग एक गोळी ओंडक्याच्या अगदी मधोमध बसली. ओंडका भलताच वर गेला. मी म्हणालो, ही चूक आहे, सोडून द्या. केशवराव ओंडक्याभोवती फिरत राहिले. बाकीच्या गोळ्या सगळ्या कडेला बसल्या होत्या. कडेला बसली की ओंडका पुढे झुलायच्या ऐवजी गिरकी घेतो, गोळीचा बराच जोर त्या गिरकीत जातो... "हेच एक माप खरं असलं तर?" ते म्हणाले.

 त्यांनी तिसरी रीत काढली. लांब दांड्यावर दोन कागदी चकत्या बसवायच्या, दांडा प्रेसच्या इंजिनाच्या पट्ट्यावर जोरानं फिरवायचा आणि गोळी दोन्ही चकत्यांतून आरपार सोडायची. गोळी पहिलीतून दुसरीत जाईपर्यंत दांडा थोडा फिरतो. दोन भोकांमध्ये जेवढी तफावत, तेवढा गोळीला लागलेला वेळ. नेम कसाही असो, इथं गिरकीचा प्रश्न नव्हता. इंजिन सुरू झालं, चकत्या भिरभिरल्या, बंदूक झाडली. पुन्हा झाडली. पुन्हा. दर वेळी वेग जवळजवळ सारखाच निघाला, आणि त्या मधोमध बसलेल्या गोळीशी जुळला. रस्त्यावर माणूस मारायला तो पुरेसा होता.

त्या संध्याकाळी वकील केशवरावांच्या ओसरीवर बसून होता. "झोपाळ्याचं माप पुस्तकातलं आहे, मान्य आहे," तो म्हणाला. "तेवढंच सांगा. चकत्यांचं कुणी विचारणार नाही." यमुना दारात उभी होती. ती एरवी अशा बोलण्यात पडत नसे. ती म्हणाली, "तुळशीभाऊंनी मारलं असं तुम्हाला वाटते का?"

"नाई वाटत."

"मग?"

मीही म्हणालो, ओंडक्याचाच आकडा द्या.  ते म्हणाले, "तो आकडा मलेबी आवडते. त्याचंच भेव वाटून राह्यलं."

त्यांनी कोर्टात चकत्यांचं माप सांगितलं. रस्त्यावर पोचल्यावर या बंदुकीची गोळी माणूस मारू शकते का, असा प्रश्न आला. "मारू शकते," ते म्हणाले, आणि पुढे बोलायला लागले, "पन मारू शकते म्हंजे मारलं असं..." तेव्हा त्यांना थांबवण्यात आलं. विचारलं तेवढंच सांगा. ते साक्षीच्या पिंजऱ्यात तसेच उभे राहिले, तोंड अर्धवट उघडं. मला ते तोंड विसरता येत नाही. त्यांनी मोजलं होतं बंदुकीला. शिक्षा झाली माणसाला. जन्मठेप, काळं पाणी. बाहेर नेताना तुळशीरामनं केशवरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. तो गिरजेला म्हणाला, "कांद्याच्या रोपाले पानी दे जो."

दलालाला खरोखर कुणी मारलं हे आजही कुणाला ठाऊक नाही. तुळशीरामनंही मारलं असेल. ती शक्यता केशवरावांनी कधी नाकारली नाही, आणि कधी तिचा आधारही घेतला नाही.

निकालानंतर गिरजा एकदाच त्यांच्या दाराशी आली. टोपली नव्हती. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "भाऊ, तुमी खरं बोलले, हे मले समजते. पन तुमाले कोनी ते मोजाले सांगतलं होतं? एक मोजलं होतं ना? मंग दुसरं काहून मोजलं?"  ती गेली. त्यानंतर ती बाजाराला दुसऱ्या वाटेनं जाऊ लागली, आणि हळूहळू आमच्या नात्यातलेही कितीतरी लोक दुसऱ्या वाटेनं जाऊ लागले. पुढे लढाई थांबली, भाव कोसळला, प्रेसचं काम अर्ध्यावर आलं. केशवराव घरी राहू लागले. यमुना सांगते, कशाचं माप विचारलं की ते म्हणत, "असंल काईतरी. अंदाजे." हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला की तिला रडू येई.

पहाटे उठून ते कुठे तरी जात आणि ऊन चढल्यावर थकून परत येत. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. या पावसाळ्याअखेर ताप आला आणि त्यातच ते गेले.

तेराव्यानंतर मी अमरावतीला परत निघालो तेव्हा बाळापूर रस्त्यानं मुद्दाम उलटा गेलो. मळा हिरवा होता. मला तो उजाड झालेला दिसेल असं वाटलं होतं. विहिरीवर गिरजा एकटीच मोट हाकत होती. बैल मागे सारताना तिला दम लागत होता. मला ओळखून तिनं बैल थांबवले.

"गडी नाही ठेवला?" मी विचारलं.

"होता ना," ती म्हणाली. "रोज झुंजुमुंजू झालं का येत होते. मोट हाकत. मी कांद्यात पानी वळवत होती. उनं झाली का चालले जात."

कुणाबद्दल बोलते आहे ते कळायला मला क्षण लागला.

"काही बोलायचे?"

"ते नाई. मीबी नाई. बोलाचं काय होतं?" तिनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "एवढी वर्सं झाली, मी एक सबद बोलली नाई त्याईच्यासंग. बोलाचीबी नोती." मग धावेच्या टोकाला, मोट रिती होते त्या थारोळ्याच्या कडेला तिनं बोट दाखवलं. तिथं सावलीत पाण्यानं भरलेला एक तांब्या होता, वर पळसाचं पान झाकलेलं. "पन उठली का पयले तो भरून ठेवते. आजबी ठेवला. आता कोन पेते तो... हातच जाते."

तिनं कासरा ओढला. बैल धावेवरून खाली निघाले, आणि मोट पाण्यानं जड होऊन वर येऊ लागली.