उटणं लावून जिन्यात

यांच्या कंपनीनं यांना नवं मशीन शिकायला काही महिने जर्मनीला पाठवलं, आणि पाठोपाठ मीही गेले. आमच्या औरंगाबादच्या औरंगपुऱ्यातल्या घराचं दार सकाळी उघडलं की रात्री निजतानाच लागायचं. दूधवाला, शेजारीण, मांजर, कुणीही आत. तिकडं मात्र दार लोटलं की खट्कन आपोआप बंद, आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडायचं नाव नाही.

पण आधी छळलं ते नियमांनी. कचऱ्याचे डबे वेगवेगळ्या रंगांचे. चहाचा चोथा कुठल्या डब्यात आणि चहाचं पाकीट कुठल्या, यावरून नवरा-बायकोत भांडणं. कपडे धुवायला तळघरात पाळी लावा. रविवारी आवाज करू नका. एका रविवारी मी खलबत्त्यात शेंगदाण्याचं कूट करायला घेतलं, तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी झाडूच्या दांड्यानं त्यांच्या छताला असं ठोकलं, की माझ्या पायाखालची फरशी बोलली. हे आजोबा म्हणजे इमारतीचे फौजदार. सगळ्या घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडं. आम्ही त्यांच्या दारावरून चपला हातात घेऊन जायचो.

अशात दिवाळी आली. सासूबाईंनी निघतानाच गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं उटणं आणि पणत्या बॅगेत कोंबल्या होत्या. नरकचतुर्दशीला तिकडंही कसली तरी सुट्टी पडली, त्यामुळं हे घरी. शिवाय तिथला सूर्य आळशी. सहा वाजून गेले तरी बाहेर काळोख. म्हटलं, चला, निवांत उठूनही अभ्यंगस्नान सूर्योदयाच्या आत!

बॅग आडवी टाकून तिचाच पाट केला. यांना पंचा नेसवून बसवलं, तेल चोपडलं, उटणं फासलं. माझ्याही डोक्यावर तेल थापलेलं, अंगात गाऊन. मग मी दाराबाहेर पणती लावली. त्या करड्या, सुन्या जिन्यात ती एवढीशी ज्योत अशी गोड दिसली, की मला राहवेना.

"अहो, या ना! बघा तरी कशी दिसतेय."

हे आले. पंच्यावर, उटण्यासकट. आणि आमच्या पाठीमागं खट् झालं.

आम्ही दोघंही त्या दाराकडं बघत राहिलो.

"किल्ली?" यांनी विचारलं.

"आत."

"मला कशाला बोलावलंस गं बाहेर?"

"मग तुम्ही कशाला आलात? एरवी हाक मारली तर येता का?"

हे सगळं कुजबुजत, कारण सुट्टीची सकाळ. भांडणसुद्धा कुजबुजत करावं लागावं, यासारखा वैताग नाही. खाली जाऊन आजोबांना उठवायचं का, असं मी विचारलं. हे म्हणाले, "या अवतारात? त्यापेक्षा मी इथंच वाळतो." उटणं खरंच वाळायला लागलं होतं. यांनी तोंड उघडलं की गालावरून खपल्या पडत होत्या. त्या बघून मला हसू फुटलं. दाबायला गेले तर नाकातून आवाज आला. मग यांनाही फुटलं.

एवढ्यात वरच्या जिन्यावर पावलं वाजली. वर एक तुर्की कुटुंब राहायचं. त्यातल्या बाई डोक्याला रुमाल बांधून पाव आणायला निघालेल्या. आजवर आमचं नातं नुसतं मान डोलवण्याचं. हे पटकन माझ्यामागं लपले, पण मी पडले यांच्या निम्म्यानं.

बाईंनी पणती पाहिली, तेल पाहिलं, उटणं पाहिलं. मग बोट दाखवून म्हणाल्या, "हमाम?"

"व्हय, व्हय! हमाम!" मी ओरडलेच. इतक्या महिन्यांत त्या देशात मला कळलेला पहिला शब्द!

"साबुन?"

"साबुन आत! सगळं आत!"

त्यांना आत म्हणजे काय ते कळलं नसेल, पण बंद दार दिसत होतं. त्यांनी माझा हात धरला. "सबर," म्हणाल्या, "सबर." गुलमंडीतला आमचा कापडवाला दिवाळीच्या गर्दीत हेच तर म्हणायचा, सबर करो बाई! मला त्या मावशीच वाटायला लागल्या.

त्यांनी आम्हाला वर नेलं. त्यांच्या झुपकेदार मिशीच्या नवऱ्यानं यांच्याकडं एकदा पाहिलं, काही न विचारता टॉवेल आणला आणि न्हाणीघर दाखवलं. आधी यांची आंघोळ झाली, मग माझी. बाहेर येते तो हे त्या गृहस्थांच्या पायजम्यात. पायजम्यात अजून एक माणूस मावला असता. हे एका हातानं नाडी धरून, दुसऱ्या हातानं छोट्या पेल्यातला चहा पीत होते. सूर्य अजून उगवायचा होता! जिंकल्यासारखं नाचायचंच बाकी होतं.

चहा झाल्यावर बाईंनीच पुढाकार घेतला आणि सगळी वरात आजोबांच्या दाराशी नेली. दार उघडलं. आजोबा इस्त्रीच्या शर्टात, जणू तक्रारीचीच वाट बघत होते. यांनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "आज आमचा सण. किल्ली आत." आजोबांची नजर पायजम्यावर खिळली. मग ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघाले.

वर येताच त्यांना पणती दिसली. जिन्यात आग! ते फुंकर मारायला वाकले.

"नाय! नाय! फुंकू नका!" मी मराठीतच किंचाळले.

सगळी इमारत ऐकेल असा आवाज. आजोबा गाल फुगवून तसेच थांबले. मी पणती उचलली, आणि त्या क्षणी काय सुचलं कोण जाणे, सरळ यांना ओवाळायला लागले. मग मिशीवाल्यांना. आणि मग, हात थांबेचना म्हणून, आजोबांनाही. आजोबा टाचा जुळवून ताठ उभे राहिले. ओवाळून झाल्यावर त्यांनी मान लववली आणि गंभीरपणे माझ्याशी हस्तांदोलन केलं. ते बघून तुर्की बाई जिन्यात बसूनच हसायला लागल्या.

दार उघडलं तशी मी सगळ्यांना आत ओढलं. माझा चिवडा आपल्याकडचा, झणझणीत. आजोबांनी एक घास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, दोन पेले पाणी प्याले आणि बशी पुन्हा पुढं केली.

दुपारी कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यातून औरंगाबादला फोन लावला. सासूबाईंनी विचारलं, "आंघोळी झाल्या का रं वेळेवर?" यांनी "झाल्या" म्हणून सांगायला तोंड उघडलं आणि यांना हसू आवरेना. मी फोन घेतला, तर माझं तेच. खिदळण्यातच फोनचं कार्ड संपलं.

पुढं परत आल्यावर शेजारणीनं सांगितलं, सासूबाई त्या संध्याकाळी घरोघर फराळाची ताटं देत सांगत होत्या, "पोरं लई मजेत हायत तिकडं. बोलायलाच होईना त्यांना."