काकांना दाखवायचा गेम

"कोनाचा नंबर हाये?" असं शेजारच्या काकू कुठंही विचारायच्या. सिलिंडरच्या गाडीपाशी, दवाखान्यात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत उभं राहूनही. विचारताना उजवा हात पुढं असायचा, तळहात वर, जणू समोरचा आता त्यात काहीतरी ठेवणारच आहे.

सवय जुनी होती. अकोल्यात टॉवर चौकाजवळ त्यांच्या यजमानांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं आणि टोकन द्यायच्या टेबलाशी या बसायच्या. मशीनवरचा पोरगा हरला रे हरला की काकूंचा आवाज, "कोनाचा नंबर हाये?" हरलेला मुकाट बाजूला व्हायचा. मी शिक्षिका म्हणून जठारपेठेत त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा पार्लर बंद होऊन गेलं होतं. त्या जागी मोबाईलचं दुकान होतं. काकूंचा दरारा मात्र गल्लीत तसाच होता.

स्वतः त्यांनी एकही गेम कधी खेळला नव्हता. "हलवायाची बायको काय रोज गुलाबजाम खाते का?" म्हणायच्या.

खेळायचे ते काका. कोपऱ्यात एक मशीन होतं, त्याच्याकडं पोरं फिरकायची नाहीत. त्यात ना मारामारी, ना गाड्या. वरून रंगीत खडे पडायचे. एका रंगाचे तीन एकमेकांना लागले की नाहीसे व्हायचे, आणि ढीग वरपर्यंत पोचला की खेळ संपला. दुपारी दुकान रिकामं असलं की काका त्याच्यासमोर. "गिऱ्हाइकापेक्षा मालकच जास्त खेयते," काकू टेबलावरून ओरडायच्या. काका मान न वळवता म्हणायचे, "जागा करून राहिलो न वं." पार्लर बंद झालं, सगळी मशीनं भंगारात गेली. टेम्पो आला त्या दिवशी काका घरातून बाहेर आले नाहीत, असं काकूंनीच मला सांगितलं होतं.

मग काकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. काकू पाठीशी बोलत राहायच्या.

माझी मुलगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिचा टीव्हीला जोडायचा गेम घरीच राहिला. एकदा फोनवर ती म्हणाली, आई, पार्लरमधले जुने गेम आता घरच्या टीव्हीवर खेळता येतात, तो खड्यांचासुद्धा आलाय. मी हे काकूंना सहज बोलले. त्या निवडत असलेली मेथी खाली ठेवून उठल्याच.

"तोच? खड्यांचाच?"

"तोच."

"मंग आना न मॅडम! कायले ठेवलं थे डब्यात?"

मुलीला विचारत विचारत मी तारा जोडल्या. खेळ सुरू होण्याआधीचं ते गाणं वाजलं आणि भिंतीकडं वळलेल्या काकांनी मान फिरवली.  काकूंनी कंट्रोल त्यांच्या डाव्या हातात दिला. तो निसटला. पुन्हा दिला, पुन्हा निसटून फरशीवर पडला. काका परत भिंतीकडं वळले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर कंट्रोल काकूंच्या हातात. चष्मा नाकावर, जीभ दातांत. "हे बटन कायचं हाये, थे सांगा फक्त." सुरुवातीला डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ढीग वर. काकांना राहवेना. ते डोळ्यांनी सांगू लागले. डावीकडं पाहिलं की डावीकडं, उजवीकडं पाहिलं की उजवीकडं, डोळे मिटले की खडा फिरवायचा. हे मी स्वतः पाहिलंय. एकदा त्यांनी उजव्या कोपऱ्याकडं नजर लावली, काकूंनी तिथं लाल खडा सोडला आणि अर्धा ढीग खळकन गेला. काकांचं अर्धं तोंड हसलं. काकू माझ्याकडं वळल्या, दहावी पास झाल्यासारख्या.

मग रोज भिंतीपलीकडून ते गाणं आणि काकूंचं भांडण. "चुकली मी, आता डोये काय वटारता!" सगळ्या संसारात ते दोघं एकमेकांशी इतकं बोलले नसतील.

दिवाळीत काकांना दुसरा झटका आला. दवाखान्यातून आले तेव्हा डोळे उघडे होते, पण डोळ्यांनी सांगणं थांबलं होतं. घशातून एक "हूं" तेवढं निघायचं. काकूंनी त्याचीच भाषा केली. आखूड हूं म्हणजे बरोबर, लांब हूं म्हणजे चुकलं. "आयका मॅडम, डाव्या बाजूले म्हणून राहिले." मला नुसतं हूं ऐकू यायचं. मी मान हलवायची. तुम्हीही हलवली असती. तोवर काकूंचा हात चांगला बसला होता. "याहीच्यापुढं गेली मी," त्या म्हणायच्या, "म्हणून चिडते ते."

उन्हाळ्यात काकांना आकडी येऊ लागली. अमरावतीला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं, मी सोबत होते. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. मग एकदम हात डोळ्यांपर्यंत नेला. पापणी हलली नाही.

"यांना दिसत नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"दिसते न," काकू म्हणाल्या. "रोज पाह्यते ते टीव्ही. मी दाखवते न."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ घेतली. दुसऱ्या झटक्यात मेंदूचा पाहण्याचा भाग गेला, म्हणाले. डोळे चांगले आहेत, पण त्यांना दिसत नाही. ऐकू येत असावं. समजतं किती, ते सांगता येणार नाही.

परत येताना काका काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले होते.  मूर्तिजापूरला ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली. मी खिडकीतून दिलेला कप त्यांनी हातात धरून ठेवला.

"मंग थे हूं कायचं होतं, मॅडम?"

दुसऱ्या हातानं त्यांनी मांडीवरचं काकांचं डोकं सावरलं.

"दिवायीपासून रोज थ्या गान्याचा कल्ला त्याहीच्या कानात. बंद कर म्हणत असन तं?"

"असं नका म्हणू काकू. तुमचा आवाज ऐकून बरं वाटत असेल त्यांना."

"तुमाले काय माईत?"

त्या रागानं म्हणाल्या नाहीत. खरंच विचारत होत्या. चहावर साय धरली, त्यांनी तो खिडकीतून ओतून टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टीव्ही लावला, गाणं सुरू केलं. काका म्हणाले, हूं. टीव्ही बंद केला. काका म्हणाले, हूं. परत लावला, परत बंद केला. "पाह्यलं? दोनीत सारखंच." त्यांनी तारा काढल्या. पण शांत घरातही काका हूं करायचेच, आणि आता प्रत्येक हूंला काकू उठायच्या. पाणी पाह्यजे? कूलर बंद करू? कूस बदलू? काही चुकलं का माह्यं? कूलरची घरघर आणि त्यांचे प्रश्न दिवसभर मला इकडं ऐकू यायचे.

पोळ्याच्या सुमारास काका गेले. काकू रडल्या नाहीत. बायका म्हणाल्या, दगडच आहे बाई.

तेरवी झाल्यावर त्यांनी तो गेम धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणून दिला. "पोरीले सांगा, मशीन चांगली होती." मग त्यांचा भाऊ त्यांना चांदूर रेल्वेला, आपल्या घरी घेऊन गेला.

थंडीत मी भेटायला गेले. भावजय दारातच सांगू लागली. "दिवसभर टीव्हीसमोर बसते, आवाज मोठा करा म्हणते, अन् पाहत तं नाईच." आत टीव्ही कानठळ्या बसवत होता. काकू समोर खुर्चीत, डोळे मिटून.

"झोपल्या का काकू?"

"नाई. बसा मॅडम." माझा आवाज ओळखला, पण डोळे मिटलेलेच. "आयकून पाह्यते. असं पडल्या पडल्या माणसाले काय काय समजत असन, थे."

मी त्यांचा हात धरला. तो थंड होता.

"मग?"

"काईच नाई समजत, मॅडम. नुसता कल्ला."

भावजयीनं चहा दिला. माझ्या गाडीची वेळ होईपर्यंत मी त्यांच्याशेजारी बसले. निघाले तेव्हाही त्यांनी डोळे उघडले नाहीत. दारातून वळून पाहिलं तर भावजयीनं टीव्ही बंद करून टाकला होता, आणि काकू तशाच बसून होत्या, काळ्या पडद्याकडं तोंड करून.